भेगा भरेपर्यंत

मिठाला सुट्टी नसते. वाफ्यात खारं पाणी सोडलं, त्याला ऊन लागलं, की तळाशी दाणा धरायला लागतो, आणि तो दाणा रोज सकाळी दंताळ्यानं हलवावा लागतो. एक दिवस चुकला तर दाण्याला दाणा चिकटतो. आठवडा चुकला तर खालच्या मातीला धरून अशी लादी बसते की ती पहारीशिवाय निघत नाही, आणि निघते तीही मातीसकट. म्हणून सातवा महिना लागला तरी मुनीची बायको वाफ्यात उतरत होती. तिला उतर असं कुणी म्हणत नव्हतं. सासू तर रोज सकाळी म्हणायची, "पोरी, आज तू बांधावर बस." पण वाफे दहा आणि माणसं तीन. दोघांच्यानं दहा होणार नाहीत, हे बांधावर बसूनही दिसतच होतं.

मुनी हे काही नवऱ्याचं खरं नाव नव्हे. तो बोलायचा कमी, म्हणून मिठागरातल्या माणसांनी ते ठेवलं होतं. लग्न ठरवायला आला तेव्हा तिच्या बापानं त्याला पाच प्रश्न विचारले, आणि पाचही प्रश्नांना त्यानं मान खाली घालून "हो" एवढंच उत्तर दिलं. त्यातला एक प्रश्न "दारू पितोस का?" हा होता. बाप घाबरला. मग सासूनं मध्ये पडून खुलासा केला की पीत नाही, पण प्रश्न संपावेत म्हणून हो म्हणतो.

त्या सकाळी ती तिसऱ्या वाफ्यात दंताळं ओढत होती. पाणी घोट्याला लागत होतं. अचानक मांड्यांवरून काहीतरी ऊन ऊन ओघळलं. वाफ्यातलं पाणी सकाळचं गार असतं, त्यामुळे तिला लगेच कळलं. ती जागची हलली नाही. दांडीवर भार टाकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, जरा इकडे या."

सासू आली. सुनेच्या पायांकडे बघितलं, आणि तिच्या हातातलं दंताळं काढून घेतलं. पलीकडे मिठाचा ट्रक भरत होता. मुनीनं बायकोला उचलून त्याच्या केबिनमध्ये बसवलं. पाच बायकांनी पाट्या खाली ठेवल्या आणि ट्रक अर्धाच भरलेला निघाला. जवळच्या दवाखान्यातल्या नर्सनं पोटाला हात लावून लगेच फोन केला. "इथं नाही जमायचं," ती म्हणाली. "इतक्या लहान बाळाला ठेवायची सोय शहरातच."

शहर आठ तासांवर होतं. अँब्युलन्समध्ये मुनी फळीसारख्या अरुंद बाकावर बसून होता आणि त्याच्या पायांचं मीठ वाळून खाली पडत होतं. ती आडवी पडून त्या पांढऱ्या कणांकडे बघत राहिली. कळा वाढल्या की त्याचा दंड धरायची. त्यानं दंड एकदाही मागे घेतला नाही.

मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं ते वजन. सिस्टर म्हणाली, "एक किलो आणि वर पन्नास ग्रॅम."

किलोभर मीठ हातात कसं लागतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. लग्नाआधी ती पुड्या भरायच्या कामावर होती. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी टाक्यांत पू झाला आणि तिला सणकून ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी तिला दुसऱ्या इमारतीत हलवलं आणि सांगून टाकलं की जखम कोरडी होऊन ताप उतरेपर्यंत बाळाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. बाळाला आईच्या दुधाची गरज आहे, ते काढून पाठवा. पण तुम्ही नको.

"मग तिच्याजवळ कोण?" तिनं विचारलं.

"बाळाचे वडील आहेत ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती मुनीची वाट बघत राहिली. दुपारी तो आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. दोन्ही हात त्यानं मागे धरले होते.

"कशी आहे?"

"आहे."

"आहे म्हणजे काय?"

तो म्हणाला, "काचेतून बघितलं."

"आत का नाही गेलात?"

याचं उत्तर शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून आलं, आणि तेही तो गेल्यावर. ही बाई कपडे शिवायचं काम करायची. तिचा मुलगा त्याच खोलीत पाच नंबरच्या काचेच्या पेटीत होता आणि मुनीची मुलगी नऊ नंबरच्या. सकाळी हात धुवायच्या रांगेत ती मुनीच्या मागेच उभी होती.

"मोठ्या सिस्टरनी सगळ्यांसमोर त्यांना हात पुढे करायला लावले," ती हळू आवाजात सांगू लागली. "बोटं फाकवायला लावली. अगं, काय ते हात. एकेका भेगेत गहू मावेल. सिस्टर म्हणाल्या, या भेगा भरल्याशिवाय आत यायचं नाही, यात जंतू राहतात, साबणानं निघत नाहीत. मागं एक जण हसला. तुझ्या नवऱ्यानं हात खिशात घातले आणि रांगेतून बाजूला झाला. पण गेला नाही. काचेपाशी उभा राहिला तो मी दुपारी बाहेर आले तेव्हाही तिथंच."

मिठागरात भेगा कुणी मोजत नाही. हंगाम सुरू झाला की तळवे फाटतात, हंगाम संपला की भरतात. तिच्या स्वतःच्या हातापायांनाही होत्याच. पण नवऱ्याला रांगेत हात पसरून उभं केलं, हे ऐकून तिनं आपले तळवे पांघरुणाखाली घेतले. ती सिस्टरवर चिडावं म्हणून बघत होती, पण चिडता येईना. सिस्टरचं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ती रडत होती. दूध काढायला बसली होती आणि तासाभरात वाटीच्या तळाला चार थेंब लागले होते. त्यानं वाटी हातात घेतली. वाटी तिरपी करून चारही थेंब एका जागी आणले. मग खाली बसला, आणि लग्नाला तीन वर्षं झाली त्यात पहिल्यांदाच न विचारता बोलायला लागला.

"डोकं माझ्या मुठीएवढं आहे. टोपी निळी. नाकात नळी आहे, तोंडात एक. श्वास घेते तेव्हा बरगडीखाली खळगा पडतो. आज सकाळी तासभर बघितलं. आधी खळगा खोल पडत होता, मग कमी झाला." त्यानं आठवून बघितलं आणि पुढे सांगितलं, "डावा पाय सारखा झाडते. उजवा नाही. पाऊल माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं. कातडी कशी, तर पहाटे वाफ्यावर पहिली साय धरते ना, वारा लागला तर मोडेल अशी, तशी."

"आणि तोंड? कुणावर गेली?"

त्यानं बराच विचार केला. "नळ्यांमुळे नाही कळत. पण चिडल्यावर कपाळाला आठी पडते ती आईची आहे."

सासूची आठी म्हटल्यावर तिला रडता रडता हसू फुटलं, आणि टाका ओढला गेल्यानं तिनं पोट धरलं. तो चपापून थांबला. "सांगा, सांगा," ती म्हणाली.

तेव्हापासून हे ठरूनच गेलं. नातेवाइकांसाठी एक लांबलचक हॉल होता, तिथं तो पाठ टेकायचा, नळावर अंघोळ करायचा आणि उजाडलं की काचेपाशी. दिवसातून सहा वेळा दोन इमारतींमधलं अंगण ओलांडून यायचा, बातमी द्यायचा आणि दुधाची वाटी घेऊन जायचा. थेंबांचा एक चमचा झाला, चमच्याचे दोन झाले. जाताना तो वाटीवर दुसरा हात धरून असा चालायचा की वाटेतली माणसं आपण होऊन बाजूला व्हायची. खिडकीतून तिला तो अंगण ओलांडताना दिसायचा. एवढा दांडगा गडी, पाठीवर मिठाचं पोतं घेऊन फळीवरून धावत ट्रकवर चढणारा. आणि चमचाभर दुधासाठी पाय जपून टाकत चाललेला.

आत सोडत नव्हते, तरी तो दर खेपेला हात धुवायचा. साबण भेगांत झोंबायचा. शिवणवाली म्हणायची, डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या, पण कोपरापर्यंत धुतात, आम्ही आत जाणारेसुद्धा इतकं धुत नाही. मोठ्या सिस्टरनी हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात मलमाची डबी ठेवली. दिवसातून चार वेळा लावायचं, वर स्वच्छ सुती पट्टी, आणि पाण्यात, मातीत, कशात हात घालायचा नाही. "मीठ तर लांबच राहू दे," त्या म्हणाल्या. "दहा-बारा दिवस लागतील. बाळ यंत्रावरून उतरलं की तिला उघड्या छातीशी धरायला माणूस लागणार आहे. आई आजारी आहे. मला तुमचे हात हवेत."

सासूचा फोन एक दिवसाआड यायचा. मिठागरात एका ठिकाणीच फोन लागतो, त्यामुळे ती पंपाच्या चौथऱ्यावर चढून बोलायची, आणि वाऱ्यामुळे निम्मं ऐकूच यायचं नाही.

"इकडचं सगळं ठीक आहे. पोरगी किती झाली?"

"एक हजार सत्तर."

"वाफे हलवतेय मी. शेजारच्या दोघीजणी येतात मदतीला. तू इकडचा घोर करू नकोस."

फोन ठेवल्यावर मुनी म्हणाला, "शेजारी कुणी येत नाहीये."

"कशावरून?"

"त्यांचे स्वतःचे चौदा आहेत."

तिकडे साठीला आलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून बांधावरून उतरताना दंताळ्याचा आधार घेणारी. दहा वाफे. हंगामाचे तीन महिने उरलेले, आणि ऊन आता कुठं खरं पेटायला लागलेलं. हीच मिठाची मोठी भर. या महिन्यांत दाणा गेला तर वर्ष गेलं.

मलम लावायला लागल्याच्या नवव्या दिवशी त्यानं पिशवी भरली. "दोन दिवस जाऊन येतो," तो म्हणाला. "निदान पाच-सहा वाफे फोडून देतो. बाकी आई बघेल."

तिनं त्याच्या हातांकडे बघितलं. पट्टीच्या कडेनं नवी कातडी दिसत होती, गुलाबी, लहान मुलासारखी. दोन दिवस खाऱ्या पाण्यात काढले की ती पहिल्या तासातच फाटणार, हे दोघांनाही कळत होतं. पण जाऊ नका असं म्हणायची तिला हिंमत होईना. तिकडे सासू एकटी होती. ती म्हणाली, "जा. आईंना बघून या."

तो गेला. तिनं खिडकीतून बघितलं. अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेला, या वेळी हात मोकळे, भराभर चालत. तिचा ताप त्या दिवशी पुन्हा चढला. दूध काढून ठेवलं ते एक आया घेऊन गेली आणि बातमी काहीच आली नाही. नऊ नंबर कशी आहे, असं विचारलं तर आया म्हणाली, "चांगली आहे की." खळगा किती पडतो, पाय कुठला झाडते, हे त्या बिचारीला काय माहीत.

संध्याकाळ व्हायच्या आत तो दारात उभा होता. पिशवी तशीच खांद्याला.

"गाडी चुकली?"

"नाही." तो आत आला, पिशवी खाटेखाली सारली. "गाडीत बसलो होतो. तेवढ्यात आईचा फोन आला. मी म्हटलं, येतोय. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, वाफे. तर म्हणाली, दंताळं मला धरता येतं, तुझ्या जन्माच्या आधीपासून धरतेय. पोरगी मला धरता येईल का इथून?" त्यानं पट्टीची सुटलेली कड आत खोचली. "मग उतरलो."

त्यानंतर त्यानं वाफ्यांचं नाव काढलं नाही. फक्त दुपारचं ऊन तापलं की खिडकीशी जाऊन आभाळाकडे बघायचा, आणि तो काय बघतोय ते तिला कळायचं.

बाराव्या दिवशी मोठ्या सिस्टरनी त्याच्या पट्ट्या सोडल्या. हात दिव्याखाली धरले, उलटे केले, सुलटे केले, बोटांच्या बेचक्यांत दाबून बघितलं. अंगठ्याच्या मुळाशी एक भेग होती, ती ताणून बघितली. रांगेतली माणसं ताटकळली होती. मग सिस्टर म्हणाल्या, "धुऊन या. शर्ट काढा."

हे तिनं ऐकलेलं नाही, पाहिलं. तिचा ताप दोन दिवसांपासून उतरला होता. आत जायची परवानगी नव्हती, पण चाकाच्या खुर्चीतून काचेपर्यंत नेतो असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मुलीला तिनं प्रथम बघितलं ते असं: काचेपलीकडे एक खुर्ची, खुर्चीत उघड्या छातीचा तिचा नवरा, आणि त्याच्या छातीवर मूठभर काहीतरी, निळी टोपी घातलेलं. सिस्टरनी वरून कापड गुंडाळून घट्ट बांधलं. त्याचा एक हात मुलीच्या पाठीवर होता आणि ती पाठ पूर्ण झाकून हात उरला होता.

तो ताठ बसला होता, श्वाससुद्धा बेतानं घेत. मग तिला दिसलं की त्याचे ओठ हलताहेत. हलायचे थांबेनात. तिनं खुर्ची ढकलणाऱ्या आयाला विचारलं, "ते कुणाशी बोलताहेत?"

"पोरीशी," आया म्हणाली. "दुसरं कोण आहे तिथं?"

तीन तास तो उठला नाही. मध्ये उठावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणी प्यायला नव्हता. त्या तीन तासांत एकदा यंत्र ओरडलं. मुलगी श्वास घ्यायची विसरली होती. इतकी लहान बाळं विसरतात, तेव्हा तळपायाला टिचकी मारायची, असं सिस्टर आधी सांगून गेल्या होत्या. काचेबाहेर ती खुर्चीतून अर्धी उठली. आत मुनीनं कापडाखाली हात घातला आणि मुलीच्या तळपायावर बोटाच्या टोकानं टिचकी मारली. एकदा, मग पुन्हा. सिस्टर धावत पोचेपर्यंत डावा पाय झाडला गेला होता आणि यंत्र गप्प झालं होतं. सिस्टरनी आकडे बघितले, त्याच्याकडे बघितलं आणि परत गेल्या. ज्यांनी त्याला रांगेत हात पसरायला लावले होते, त्यांनीच आता मुलीला त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडलं. काचेबाहेर बसलेल्या बायकोला त्या क्षणी आपला नवरा फार मोठा वाटला. असं तिला लग्नापासून कधी वाटलं नव्हतं. चांगला वाटायचा, पण मोठा नाही.

"काय बोलत होतात?" तिनं नंतर विचारलं.

तो लाजला. "काही नाही."

ते मोठ्या सिस्टरनीच सांगितलं. "तुमचे मालक तिला मिठाचं काम शिकवताहेत. पाणी किती घ्यायचं, कुठल्या वाफ्यातून कुठल्या वाफ्यात सोडायचं, दाणा कधी हलवायचा. आमच्या नर्सलासुद्धा आता मीठ काढता येईल."

पुढच्या आठवड्यात तिची जखम कोरडी झाली आणि तीही आत जाऊ लागली. सकाळी ती, दुपारी तो. त्यानं तिला शिकवलं: मान अशी फिरवायची, नळी ओढली जाता कामा नये, टोपी डोळ्यांवर येते ती बोटानं वर सारायची. ज्यानं तीन वर्षांत तिला एक वाक्य धड सांगितलं नव्हतं, तो आता हातवारे करून समजावत होता आणि ती ऐकत होती. तिचं दूध वाढलं. नऊ नंबर एक हजार दोनशेवर गेली, मग तीनशेवर.

पाच नंबरची पेटी एके सकाळी रिकामी होती. कुणी काही सांगितलं नाही आणि विचारावं लागलंही नाही. शिवणवाली आपल्या खाटेवर बसून पिशवी भरत होती. मऊ कापडाच्या टोप्या शिवायला घेतल्या होत्या तिनं, खोलीतल्या सगळ्याच बाळांसाठी. तयार झालेल्या चार टोप्या तिनं मुनीच्या बायकोच्या हातात दिल्या. "वाट," ती म्हणाली. "जी आहेत त्यांना." मुनी तिची पिशवी उचलून फाटकापर्यंत गेला. तिला न्यायला दीर येणार होता, त्याला उशीर झाला. मुनी तिच्याजवळ उन्हात दोन तास उभा राहिला. परत आल्यावर तो हात धुवायला गेला आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ मुलीला धरून बसला.

बावन्नाव्या दिवशी वजन एक हजार सातशे साठ भरलं. मुलगी आता अंगावर पीत होती, पिता पिता झोपत होती, आणि टिचकीची गरज पंधरा दिवसांत लागली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडलं. घरी गेल्यावरही महिनाभर असंच छातीशी धरायचं, जितकं धराल तितकं चांगलं. हात स्वच्छ हवेत, अंगाला ऊब हवी. मोठ्या सिस्टरनी जाताना मुनीचे हात पुन्हा एकदा उलटसुलट करून बघितले. या वेळी त्या हसत होत्या.

आठ तासांचा प्रवास त्यांनी दोन टप्प्यांत केला. शेवटचे काही कोस तोच मिठाचा ट्रक मिळाला. ड्रायव्हरनं गाडी अशी चालवली की मागून येणारे भोंगे वाजवून थकले.

वळण संपलं की सगळं मिठागर एकदम दिसतं. मुनी पुढे झुकला. त्यांचे दहा वाफे रस्त्यापासून सुरू होऊन आत खाडीकडे जातात. रस्त्याकडचे सहा राखाडी पडले होते. पाणी आटलेलं, वर जाड लादी, लादीला तडे. दुरूनसुद्धा कळत होतं की दीड महिना त्यांत कुणी उतरलेलं नाही. पण त्यांच्या पलीकडे, आतल्या बाजूला, चार वाफे चकाकत होते, आणि त्यांच्या बांधांवर मिठाचे ढीग होते. शेवटच्या वाफ्यात एक वाकलेली आकृती दंताळं ओढत होती.

ट्रक थांबला तशी सासू बांधावर चढली. ती वाळून काटकी झाली होती. कातडी काळी पडली होती. डोक्यावरचा पदर पाठीला घामानं चिकटला होता. ती जवळ आली, पण चार हातांवर थांबली.

मुनी त्या सहा वाफ्यांकडेच बघत होता. तिनं ते पाहिलं.

"दहा धरायला गेले असते तर दहाही गेले असते," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशीच कळलं मला. मग चार निवडले. आतले दाणेदार आहेत, पंपालाही जवळ. हे सहा सोडून दिले."

"फोनवर तर म्हणत होतीस..."

"फोनवर काय सांगायचं होतं? सांगितलं असतं तर तू तिथं बसला असतास का?" मग सुनेकडे वळून म्हणाली, "लोक रस्त्यानं जाताना बघायचे आणि चुकचुकायचे. म्हातारीनं मिठागर बुडवलं म्हणायचे. म्हटलं, चुकचुका. आतले चार कुणाला दिसत नव्हते, तेच बरं. कुणी नजर लावली नाही."

मुनी आईकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती पाय मागे घेत होती, पण त्यानं सोडले नाहीत. त्याची बायको हे बघत होती. शहरात ती दोघं मुलीला ग्रॅम ग्रॅम वाढवत होती, तेव्हा ही बाई इथं एकटी, दुखऱ्या गुडघ्यांनी, रोज सकाळी खाऱ्या पाण्यात उतरत होती, आणि चौथऱ्यावर चढून सांगत होती की सगळं ठीक आहे.

"घ्या ना," ती म्हणाली आणि दुपटं पुढे केलं.

सासूनं हात पाठीमागे नेले. "मला नको देऊस. माझ्या हातांना बघ काय झालंय. त्या सिस्टरनं यालासुद्धा नव्हतं घेऊ दिलं." तिनं मान लांब करून दुपट्यात डोकावलं. मुलगी जागी होती. कपाळाला आठी होती. "बघते की मी. बघायला काय हात लागतात?"

सुनेनं दुपटं पुन्हा छातीशी घेतलं. मग म्हणाली, "घरात चला."

खोपटात तिनं सासूला खाटेवर बसवलं, पाठीला उशी दिली. बादलीतलं पाणी घेऊन तिची मान आणि छाती ओल्या फडक्यानं पुसली, कोरडी केली, चोळीची बटणं सोडली. सासू बिचकली. "अगं, काय करतेस? म्हातारीचं काय..."

"हात खाली ठेवा. खाटेवर. उचलायचे नाहीत."

मुलीला तिनं सासूच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, मान एका बाजूला फिरवली, टोपी बोटानं वर सारली, आणि आपली ओढणी घेऊन दोघींना मिळून घट्ट बांधून टाकलं. सिस्टरसारखीच, खांद्यावर गाठ. सासूचे फाटलेले हात दोन बाजूंना खाटेवर उताणे पडून होते आणि बोटं आपोआप उचलली जात होती. सासू ती परत खाली ठेवत होती.

मुलीनं दोन-तीनदा डोकं घासलं. मग आठी गेली. नाकपुडी फुलली आणि श्वास एका लयीत लागला.

बाहेर पहार दगडावर आपटावी तसा आवाज आला. मुनीनं कपडेसुद्धा बदलले नव्हते. रस्त्याकडच्या पहिल्या वाफ्यात उतरून त्यानं हाताला फडकी गुंडाळून लादी फोडायला घेतली होती.

"अगं, तो एकटाच काय..." सासू उठायला गेली आणि ओढणीनं अडली. "आणि मी आता उठू कशी?"

"उठायचं नाही," सून म्हणाली. तिनं चुलीकडे जाऊन पाणी ठेवलं. "तीन तास तरी नाही."

"तीन तास? भर दिवसा? मी बसून राहू?"

"हो."

सासूनं दाराबाहेर बघितलं, ऊन किती चढलंय ते बघितलं. मग मान खाली करून टोपीच्या कडेला हनुवटी टेकवली आणि पाठ उशीला सैल सोडली.